मोत माउलीचा डोंगर

मुंबईत वांद्रे म्हणून एक ठिकाण आहे. लोकल गाडीने तिथे उतरलं आणि पश्चिमेला चालत गेलं की समुद्र लागतो. समुद्राला लागून एक टेकडी आहे. सह्याद्री पाहिलेला माणूस तिला डोंगर म्हणणार नाही, टेकाड म्हणेल. पण तिथले लोक तिला डोंगर म्हणतात. आपणही तसंच म्हणू.

या डोंगरावर एक चर्च आहे. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचं देऊळ. वसईकडचे ख्रिस्ती शेतकरी तर त्याला सरळ देऊळच म्हणतात. या देवळात मरियेची मूर्ती आहे. मरिया म्हणजे येशू ख्रिस्ताची आई. ख्रिस्ती लोकांत जे कॅथलिक पंथाचे आहेत, ते तिला फार मानतात. आईकडे गाऱ्हाणं सांगितलं की ती लेकाच्या कानावर घालते, असा त्यांचा भाव आहे.

इंग्रजीत या जागेला माउंट मेरी म्हणतात. माउंट म्हणजे डोंगर आणि मेरी म्हणजे मरिया. पण कोळी, आगरी, वसईचे शेतकरी, मुंबईचे जुने रहिवासी तिला मोत माउली म्हणतात.

या ‘मोत’ शब्दाने नवखा माणूस दचकतो. त्याला ‘मौत’ ऐकू येतं. तसं काही नाही. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी इथे पोर्तुगीज लोकांचं राज्य होतं. त्यांच्या भाषेत डोंगराला ‘मोंत’ म्हणतात. ‘मोंत’चं आपल्या लोकांच्या तोंडी ‘मोत’ झालं असावं. त्याला जोडला आपला ‘माउली’ शब्द. ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो, तोच हा शब्द. कोणी म्हणतात, मोत म्हणजे मोती, ही मोत्याची माउली. समुद्रावर पोट असणाऱ्या कोळ्यांना तोही अर्थ गोड वाटला तर नवल नाही. पण डोंगराचा अर्थ जास्त पटतो. अर्धं नाव परक्यांचं, अर्धं आपलं, आणि मूर्ती मात्र सगळ्यांची, असा तो प्रकार आहे.

हे देऊळ कोणी बांधलं, कोणी मोडलं, पुन्हा कसं उभं राहिलं, ते आता बघू. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जुन्या देवस्थानाची हकिगत दोन प्रकारची असते. एक कागदावर लिहिलेली. दुसरी आजीने नातवाला सांगितलेली. दोन्ही ऐकाव्यात. पण कोणती कुठली, हे ध्यानात ठेवावं. नाहीतर तांदळात खडे मिसळतात.

मातीचं देऊळ

पोर्तुगीज लोक युरोप खंडातून समुद्रावाटे आले. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई आणि आसपासचा मुलूख त्यांना दिला. त्यात मुंबईची बेटं आली आणि साष्टी बेटही आलं. वांद्रे हे साष्टी बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. मधे माहीमची खाडी. खाडीपलीकडे माहीम आणि मुंबई. आज जमीन सलग दिसते, म्हणून हे ध्यानात येत नाही. पण तेव्हा वांद्र्याहून माहीमला जायचं तर होडीत बसावं लागे. ही खाडी लक्षात ठेवा. आपल्या हकिगतीत ती पुन्हा येणार आहे.

पोर्तुगीजांबरोबर त्यांचे पाद्रीही आले. पाद्री म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांतल्या जेजुइट नावाच्या संघाचे पाद्री वांद्र्याला राहिले. त्यांनी डोंगरावर मरियेची मूर्ती बसवली. ती मूर्ती पोर्तुगालहून आणली होती, असं सांगतात. ही गोष्ट १५७० सालच्या सुमाराची. तेव्हाचं देऊळ म्हणजे मातीच्या भिंतींची लहान खोली. आपल्याकडे शेताच्या बांधावर म्हसोबाची घुमटी असते, तिच्याहून थोडी मोठी धरा. पुढे १६४० सालच्या सुमारास तिथे नीट बांधकाम झालं.

त्याच साली डोंगराखाली समुद्राच्या टोकावर पोर्तुगीजांनी एक किल्ला बांधला. आग्वाद हे त्याचं नाव. आग्वाद म्हणजे गोडं पाणी भरून घ्यायची जागा. गलबतं तिथे थांबत, पाण्याची पिंपं भरत आणि पुढे जात. त्या किल्ल्याच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. खाली किल्ला आणि वर देऊळ अशी ही जोडी होती. गलबत लांबून येताना खलाशांना आधी डोंगर दिसायचा. समुद्रावरून जिवंत परत आलो, हे त्यांना डोंगर बघून कळायचं. कोळ्यांचंही तसंच. पावसाळ्यात समुद्र खवळतो तेव्हा होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात. पाऊस ओसरला की पुन्हा पाण्यात लोटतात. होडी गेलेल्या घरची बाई डोंगराकडे बघून हात जोडणार, यात धर्म कोणता हे कोण विचारतो? डोंगराच्या पायथ्याशी चिंबई म्हणून कोळीवाडा आहे. तिथल्या लोकांचा आणि या देवळाचा संबंध असा पोटापाण्याचा आहे.

हात तोडला

१७०० साली या देवळावर धाड पडली. धाड घालणारे मस्कतचे अरब होते. मस्कत हे समुद्रापलीकडचं बंदर. ते आधी पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. १६५० साली अरबांनी ते परत घेतलं. त्यानंतर पुष्कळ वर्षं दोघांचं वैर चाललं. अरबांची गलबतं पोर्तुगीजांच्या बंदरांवर येत आणि लुटालूट करून जात.

वांद्र्याला ते आले तेव्हा मूर्तीच्या उजव्या हातात काहीतरी सोनेरी चकाकताना त्यांना दिसलं. ते सोनं आहे असं समजून त्यांनी मूर्तीचा उजवा हातच तोडला. ते भरीव सोनं नव्हतं, वर नुसता सोन्याचा मुलामा होता, असं म्हणतात. मुलामा म्हणजे वरून दिलेला पातळ थर.

इथपर्यंतची हकिगत या देवळाच्या इतिहासात लिहिलेली आहे. यापुढचं लोक सांगतात. ते असं, की चोर देवळाला आग लावणार होते. तेवढ्यात मधमाश्यांचं मोठं मोहोळ उठलं. माश्यांनी त्यांना असं काही फोडून काढलं, की ते गलबतांकडे पळत सुटले. आपल्याकडेही अशा गोष्टी आहेत. देऊळ लुटायला शत्रू आला आणि भुंगे सुटले, हे आपण गावोगावी ऐकतो. डोंगरावर झाडी असेल तर मोहोळं असणारच, आणि धुराने माश्या उठणारच. त्यात चमत्कार किती आणि स्वभाव किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. ज्यांच्या देवीचा हात तुटला होता, त्यांना निदान एवढं समाधान हवं होतं.

कोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. एका कोळ्याला स्वप्न पडलं. समुद्रात मूर्ती मिळेल, असं त्याला स्वप्नात कळलं. तो गेला, आणि खरोखरच पाण्यावर तरंगणारी मूर्ती त्याला मिळाली. ही गोष्ट १७०० ते १७६० या सालांमधली मानतात. मूर्ती लाकडाची असली तर ती तरंगणार. तेव्हा स्वप्नाचं काय ते सोडून दिलं, तरी समुद्रात मूर्ती सापडणं काही अशक्य नाही. गलबतं बुडत, त्यांच्यावरच्या मूर्ती वाहत येत. खवय्या समुद्र सगळंच गिळत नाही.

मूर्ती खाडीपार गेली

आता मोठी लढाई आली. १७३७ साली मराठ्यांनी साष्टीवर चढाई केली आणि ठाणं घेतलं. दोन वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. शाळेत मुलांना हा धडा असतो. त्या लढाईत माणसं फार मेली. दोन्हीकडची मेली.

या धामधुमीत डोंगरावरचं देऊळ पडलं. ते कोणी पाडलं, यावर सगळ्या पुस्तकांचं एकमत नाही. काही लिहितात, की मराठ्यांच्या स्वारीत ते पडलं. काही लिहितात, की पोर्तुगीजांनीच ते पाडलं. दुसरं ऐकून आश्चर्य वाटेल. आपलंच देऊळ कोणी पाडतं का? पण लढाईत असं होतं. डोंगरावरून खालचा किल्ला सगळा दिसतो. शत्रूने डोंगरावर देवळाच्या भिंतींचा आडोसा धरला, तर किल्ल्यावर सरळ मारा करता येतो. मग आडोसाच ठेवायचा नाही. इंग्रज तेव्हा खाडीपलीकडे मुंबईत होते. वांद्र्याचे किल्ले-बुरूज पाडून टाका, नाहीतर ते मराठ्यांच्या हाती पडतील आणि मग आमच्यावर येतील, असा सल्ला त्यांनी पोर्तुगीजांना दिला होता. खालचा आग्वाद किल्ला तसाच पाडला गेला. म्हणून देवळाचंही तसंच झालं असेल, हे मला तरी जास्त संभवतं. काही असो. भाविकाला मात्र एकच दिसलं, की डोंगर ओका झाला.

मूर्ती मात्र वाचली. ती खाडीपलीकडे माहीमला नेली. माहीमला सेंट मायकेल नावाचं चर्च आहे, आजही आहे. दर बुधवारी तिथे प्रार्थनेला एवढी गर्दी होते, की रस्त्यावरची वाहनं अडतात. त्या चर्चमध्ये वांद्र्याची माउली पाहुणी म्हणून राहिली. एक-दोन वर्षं नव्हे, जवळजवळ बावीस वर्षं राहिली. तेवढ्या काळात एक पिढी लहानाची मोठी झाली. वांद्र्याच्या मुलांनी डोंगरावर देवी होती हे ऐकलं असेल, पाहिलं नसेल.

१७६१ साली देऊळ पुन्हा बांधलं आणि मूर्ती माहीमहून परत आणली. हे साल आपल्याला पानिपतामुळे ठाऊक आहे. त्या वेळी वांद्र्यावर राज्य कोणाचं होतं? मराठ्यांचं होतं. साष्टी १७७४ च्या अखेरीपर्यंत मराठ्यांकडेच राहिली, नंतर ती इंग्रजांनी घेतली. म्हणजे हे ख्रिस्ती देऊळ दुसऱ्यांदा उभं राहिलं ते पेशव्यांच्या अमलात. पोर्तुगीज गेले, त्यांचे गोरे पाद्री बहुतेक निघून गेले. पण ख्रिस्ती रयत जाग्यावरच राहिली. ती इथलीच होती, जाणार कुठे? तिची भातशेती इथे होती, होड्या इथे होत्या. तिची बोलीही मराठीच होती. देशी पाद्र्यांनी तिची पूजाप्रार्थना चालू ठेवली, आणि राजा बदलला तरी त्या लोकांनी डोंगर सोडला नाही. लढाईच्या धड्यात किल्ला कोणी घेतला हे असतं. बावीस वर्षांनी देऊळ कोणी बांधलं, हे त्यात नसतं. म्हणून इथे जरा लांबण लावली.

या लोकांना पुढे ‘ईस्ट इंडियन’ म्हणू लागले. नाव इंग्रजी आहे, त्यामुळे घोटाळा होतो. १८८७ साली त्यांच्याच मंडळींनी ते घेतलं. पण ते मूळचे मुंबई-ठाणे-वसई भागातले मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक आहेत. त्यांच्या लग्नात हळदही लागते.

खाडीवरचा रस्ता

देऊळ उभं राहिलं. यात्रा वाढली. पण खाडी तशीच होती.

माहीम आणि वांद्रे यांमधलं पाणी फार रुंद नव्हतं. पण भरती-ओहोटी जोरात असे, आणि पावसाळ्यात तर विचारू नका. होड्या उलटत, माणसं बुडत. नेहमीचे प्रवासी बुडत, भाजी-मासळी घेऊन जाणाऱ्या बाया बुडत, आणि यात्रेकरूही बुडत. माउलीचा सण ८ सप्टेंबरला येतो. तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. नवस फेडायला निघालेला माणूस वाटेतच जायचा.

खाडीत भराव घालून रस्ता करा, असं लोक म्हणत होते. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचं सरकार होतं. सरकार म्हणे, पैसा नाही. (हे वाक्य तेव्हापासूनचं आहे!) शेवटी एका बाईने पैसा दिला. आवाबाई हे त्यांचं नाव. त्या पारशी समाजाच्या होत्या. मोठे व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या त्या पत्नी. त्यांनी १,५७,००० रुपये दिले. त्या काळचे दीड लाख म्हणजे केवढे, याचा अंदाज करा. देताना त्यांनी अट घातली, की या रस्त्यावर कोणाकडूनही जकात घ्यायची नाही. गरिबाने, श्रीमंताने, यात्रेकरूने, कोळणीने, सगळ्यांनी फुकट जायचं. १८४५ साली रस्ता खुला झाला. माहीमहून वांद्र्याला जाणाऱ्या मोटारी आजही त्या वाटेने जातात. मुंबईत दादर-माहीमच्या बाजूने त्याच्याकडे येणारा जो रस्ता आहे, त्याचं नाव लेडी जमशेटजी रोड. ती लेडी म्हणजे याच आवाबाई.

आवाबाईंनी पैसा का दिला? इथे पुन्हा लिहिलेलं आणि सांगितलेलं वेगळं करावं लागतं. रक्कम आणि अट लिहिलेली आहे. लोक सांगतात ते असं, की आवाबाईंनी मोत माउलीला नवस केला होता. तो पुरा झाला, पण खाडीमुळे दर्शनाला जाता येईना. म्हणून त्यांनी रस्ता बांधला. ही गोष्ट वांद्र्याला कोणीही सांगेल. ती खरी असेल तर पारशी बाईने ख्रिस्ती देवीला केलेल्या नवसातून सगळ्या मुंबईला रस्ता मिळाला. ती खरी नसली तरी बुडणारी माणसं बुडायची थांबली, ते काही खोटं होत नाही.

आवाबाईंच्या यजमानांचं नावही तुम्ही ऐकलं असेल. आपल्या गावाकडून आजारी माणसाला मुंबईला नेतात ते जे. जे. हॉस्पिटलला. जे. जे. म्हणजे जमशेटजी जीजीभॉय. ते हॉस्पिटलही १८४५ सालचंच, आणि त्यालाही त्यांनी मोठी देणगी दिली. म्हणजे एकाच घरातून, एकाच साली, देवीकडे जायची वाट झाली आणि डॉक्टरकडे जायचीही झाली. त्यांनी एक करून दुसरं सोडलं नाही, हे मला फार आवडतं.

पुढे १८६७ साली विरारहून मुंबईला रेल्वे सुरू झाली. वांद्र्याला स्टेशन झालं. मग वसई, आगाशी, बोरिवलीकडचे लोक गाडीने येऊ लागले. सकाळी निघावं, दर्शन घ्यावं, रात्री घरी.

दगडी देऊळ

आज जे देऊळ दिसतं ते १७६१ सालचं नव्हे. ते १९०४ सालचं आहे. जुनं देऊळ गर्दीला पुरेना, म्हणून नवं बांधलं. त्याआधीची काही वर्षं मुंबईला फार वाईट गेली होती. १८९६ साली प्लेगची साथ आली होती. घरंच्या घरं ओस पडली. वांद्र्याच्या गल्ल्यांत दगडी क्रूस दिसतात, त्यांतले पुष्कळ त्या साथीच्या दिवसांतले आहेत. साथ आमच्या आळीत येऊ नये म्हणून लोकांनी ते उभे केले. आपण मरीआईला गावाच्या वेशीवर बसवतो, तसंच ते.

नव्या देवळाचा नकाशा शापूरजी चंदाभॉय नावाच्या मुंबईच्या वास्तुविशारदांनी काढला. वास्तुविशारद म्हणजे इमारत कशी बांधायची ते ठरवणारा जाणता माणूस. खर्च सुमारे एक लाख रुपये आला. भिंती काळसर निळ्या दगडाच्या आहेत. कमानी वर टोकदार होत जातात. युरोपातल्या जुन्या चर्चांच्या धाटणीचं हे काम आहे. आत गेलं की समोर वेदीवर उंच जागी माउली आहे. तिच्याजवळ बाळ येशू आहे. तिचा तुटका हात पुढे बसवून घेतला. आज मूर्तीकडे पाहून, हिचा हात कधी कोणी तोडला होता, हे सांगूनही खरं वाटत नाही.

१९५४ साली पोप बारावे पायस यांनी या चर्चला बॅसिलिकेचा मान दिला. पोप म्हणजे सगळ्या जगातल्या कॅथलिकांचे मुख्य धर्मगुरू. ते रोम शहरात राहतात. बॅसिलिका म्हणजे पोपने खास मान दिलेलं चर्च. पण हा मान कागदोपत्री झाला. लोकांचा मान त्याच्या आधीपासून होता.

मेणाचे हात, मेणाचे पाय

८ सप्टेंबर हा मरियेच्या जन्माचा सण. त्याआधी नऊ दिवस रोज प्रार्थना होते. त्याला नोव्हेना म्हणतात. आपल्या नवरात्रासारखे नऊ दिवस मोजायचे. सणानंतर जो रविवार येतो, त्या दिवशी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. तामिळनाडूत समुद्राकाठी वेलांकण्णी आहे, तिचाही सण याच दिवशी. मंगळूरकडचे ख्रिस्ती शेतकरी याच दिवशी भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन मंत्रून आणतात आणि घरी नवं खातात. म्हणजे हे दिवस मुळात पाऊस सरतानाचे आणि पीक भरतानाचे. आपली गौरी-गणपतीची गडबड साधारण त्याच सुमाराला असते. घरात धान्य येण्याआधी माणूस देवाकडे जातो, तो कुठल्याही धर्माचा असो.

जत्रेत चढणीच्या दोन्ही बाजूंना दुकानं लागतात. मेणबत्त्या, फुलं, माळा, तसबिरी, चणे, खजूर, मिठाई, खेळणी. त्यांत एक माल असा असतो, जो दुसऱ्या जत्रेत फारसा दिसत नाही. तो म्हणजे मेणाचे अवयव. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं डोकं, मेणाचं बाळ. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय घेतो आणि माउलीपुढे ठेवतो. ज्या बाईला मूल नाही ती बाळ घेते. घर हवं असेल तर मेणाचं घर. अलीकडे मेणाचं विमानही मिळतं. ज्याला परदेशी नोकरीला जायचं असतं, तो ते वाहतो. मुंबईत घर मिळवणं किती अवघड आहे, हे मेणाची घरं किती खपतात त्यावरून कळावं!

कोणाच्या मनात येईल, हा भोळेपणा आहे. असेलही. पण एक बघा. तिथे हातात मेणाचा पाय घेऊन रांगेत उभी असलेली म्हातारी आपलं दुखणं बोलत नाही. बोलायची तिला गरजच पडत नाही. मागच्या माणसाला ते दिसतं. तो तिला पुढे जागा देतो. पाय वाहून झाला की दुखणाऱ्या पायाला औषध मात्र लावावं. माउलीचे पाद्रीसुद्धा आजारी पडले की डॉक्टरकडेच जातात.

रांगेत कोण कोण असतं? ख्रिस्ती असतात, हे उघड आहे. हिंदू पुष्कळ असतात. पारशी असतात, मुसलमानही असतात. कुंकू लावलेल्या बाया हार घेऊन येतात. ज्याला ख्रिस्ती प्रार्थना येत नाही, तो आपली येते ती म्हणतो. कोणी अडवत नाही. देवळाची जी मुख्य धर्मविधी आहे, तिला मिस्सा म्हणतात. ती चालू असताना मात्र बोलू नये, मधूनच उठून वेदीजवळ जाऊ नये. एवढं पाळलं की झालं.

२०२० साली करोनाच्या साथीत जत्रा भरली नाही. डोंगर पुन्हा ओका राहिला, या वेळी लढाईशिवाय. साथ ओसरल्यावर जत्रा पुन्हा भरू लागली.

डोंगराच्या आसपास आता उंच इमारती झाल्या आहेत. २००९ साली वांद्र्याहून वरळीला समुद्रातून पूल झाला. ज्या पाण्यात होड्या उलटत, त्याच्या पुढ्यातून आता मोटारी भरधाव जातात.

जायचं असेल तर

वांद्रे स्टेशनला पश्चिमेला उतरा. तिथून डोंगराकडे बस जाते, रिक्षाही जाते. जत्रेच्या दिवसांत जादा बसगाड्या सोडतात. पायी गेलात तर शेवटी चढण आणि पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसाने दमादमाने चढावं. रविवारी गर्दी फार. ज्याला निवांत बसायचं आहे त्याने जत्रेचा आठवडा सोडून एखाद्या साध्या दिवशी जावं. देवळाबाहेर उभं राहिलं की समुद्राचा वारा लागतो.

पैसे आतल्या खिशात ठेवा. लहान मूल बरोबर असेल, तर एका कागदावर त्याचं नाव, तुमचं नाव, गाव आणि फोनचा नंबर लिहा आणि कागद त्याच्या खिशात घालून खिसा टाचणीने बंद करा. गर्दीत मूल चुकलं तर पोलीस तो कागद वाचतात आणि तुम्हाला बोलावून घेतात. आता ही चिठ्ठी लिहायला दुसऱ्या कोणाकडे जायची गरज नाही. अक्षर थोडं मोठं काढा, म्हणजे झालं.